स्थलांतराच्या रूढ संकल्पना : चाकरमानी आणि ऊसतोड कामगार यांच्या संदर्भात एक परीक्षण

१

लोकसंख्येच्या शास्त्रात जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन घटना पायाभूत मानल्या जातात. त्यांपैकी पहिल्या दोहोंच्या व्याख्येविषयी फारसा वाद संभवत नाही. माणूस एकदाच जन्मतो व एकदाच मरतो, आणि हे केव्हा व कोठे घडले ते बहुधा निश्चितपणे सांगता येते. स्थलांतराचे तसे नाही. किती अंतर तोडले म्हणजे स्थलांतर झाले, ते किती काळ टिकले पाहिजे, कोणती सीमा ओलांडली गेली पाहिजे, गेलेला माणूस परत आला तर त्याला काय म्हणावे, या प्रश्नांची उत्तरे निसर्गाने दिलेली नाहीत. ती अभ्यासकाने, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी शासनाने, आपल्या सोयीनुसार ठरविलेली आहेत. साहजिकच या शास्त्रातील संकल्पनांचे परीक्षण हे निव्वळ परिभाषेचे काम राहत नाही. ज्याची गणना होते त्याच्यासाठी शिधा, शाळा, घर व दवाखाना यांची तरतूद होण्याची निदान शक्यता तरी असते. ज्याची गणनाच होत नाही तो शहराच्या दृष्टीने गावचा राहतो आणि गावच्या दृष्टीने शहराचा.

स्थलांतराविषयीच्या बहुतेक प्रचलित संकल्पना इंग्लंड व अमेरिका या देशांच्या अनुभवातून निपजल्या आहेत. एवढ्यावरून त्या त्याज्य ठरत नाहीत. परंतु ज्या अनुभवातून त्या निघाल्या त्याहून वेगळ्या अनुभवावर त्या घासून पाहिल्याखेरीज त्यांचा कस कळणार नाही, हेही तितकेच खरे. अशा कसोटीसाठी महाराष्ट्रातील दोन उदाहरणे विशेष उपयोगी आहेत : कोकण व सातारा भागांतून मुंबईस जाणारा चाकरमानी, आणि मराठवाड्यातून, मुख्यतः बीड जिल्ह्यातून, दरसाल साखर कारखान्यांच्या प्रदेशात जाणारा ऊसतोड कामगार. पहिल्याचा इतिहास दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे. दुसरा सहकारी साखर कारखानदारीबरोबर वाढला. दोघांनाही ‘स्थलांतरित’ हा एकच शब्द लावला जातो. तो शब्द दोघांच्या अंगाला कितपत बसतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

स्थलांतराच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ ई. जी. रॅव्हनस्टीन यांच्यापासून मानण्याची प्रथा आहे व ती रास्त आहे. फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडात स्थायिक झालेल्या या भूगोलज्ञाने १८८५ व १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन निबंधांत स्थलांतराचे ‘नियम’ मांडले. बहुतेक माणसे थोड्याच अंतरावर जातात. दूर जाणारे व्यापाराच्या व उद्योगाच्या मोठ्या केंद्रांकडे वळतात. प्रत्येक प्रवाहाबरोबर एक उलट प्रवाह निर्माण होतो. जवळच्या अंतरात स्त्रियांचे स्थलांतर पुरुषांपेक्षा अधिक असते. आणि आपली आर्थिक स्थिती सुधारावी ही इच्छा इतर सर्व कारणांहून प्रबळ असते, हे त्यांतील मुख्य निष्कर्ष होत. शतकाहून अधिक काळ लोटला तरी यांतील पुष्कळसे निष्कर्ष टिकून आहेत, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु रॅव्हनस्टीन यांच्या हाती आधार होता तो जनगणनेतील जन्मस्थानाच्या नोंदीचा. जेथे गणना झाली ते ठिकाण जन्मस्थानाहून वेगळे असेल तर माणूस स्थलांतरित, अन्यथा नाही. ही कसोटी भारतीय जनगणनेनेही स्वीकारली. तिच्यातील उणीव महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीस चटकन कळण्यासारखी आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत येथे सर्वत्र आहे. माहेरी जन्मलेले मूल तीन-चार महिन्यांनी बापाच्या गावी येते आणि पुढे जन्मभर तेथून हलले नाही तरी जन्मस्थानाच्या कसोटीने स्थलांतरित ठरते. उलटपक्षी, तीस वर्षे मुंबईच्या गिरणीत काढून जन्मगावी परतलेला कामगार याच कसोटीने स्थलांतरित ठरत नाही. त्याची तीस वर्षे हिशेबातून पुसली जातात.

ही उणीव जनगणनेच्या चालकांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९७१ पासून ‘या आधीचे वास्तव्याचे ठिकाण’ विचारले जाऊ लागले व १९८१ पासून स्थलांतराचे कारणही. परतलेला कामगार त्यामुळे हिशेबात आला. तथापि, कारणाच्या रकान्यात एकच कारण लिहिता येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ३७ टक्के आहे. तींत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत, आणि एकूण स्थलांतरितांपैकी जवळजवळ निम्म्यांचे कारण विवाह असे नोंदलेले आहे. रॅव्हनस्टीन यांनी स्त्रियांच्या स्थलांतराची दखल घेतली होती. नंतरच्या सिद्धांतकारांनी मात्र ‘विवाह’ हा शब्द दिसताच तो सारा भाग आर्थिक विचारातून बाजूस सारला. नांदायला गेलेली स्त्री शेतात राबते, गोठा सांभाळते, आणि मुंबईस गेली तर खानावळ चालवून दहा-वीस गिरणीकामगारांचे जेवण रांधते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते अशाच खानावळवाल्या स्त्रियांना घेऊन. जिच्या श्रमावर गिरणीची पाळी उभी होती तिच्या स्थलांतराचे कारण मात्र ‘विवाह’ एवढेच राहते. ही नोंद खोटी नाही, परंतु अपुरी आहे. आणि अपुऱ्या नोंदीवर उभारलेला सिद्धांत पुरा असू शकत नाही.

काळाच्या मोजमापाचा दोष याहून गंभीर आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७–०८) अल्पकालीन स्थलांतरित कोणास म्हणावे हे ठरविले गेले : जो मागील वर्षभरात कामासाठी वा कामाच्या शोधात एक महिना किंवा अधिक, परंतु सहा महिन्यांहून कमी काळ आपल्या गावाबाहेर राहिला तो. उसाच्या गाळपाचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि पाऊसपाणी व उसाचे पीक यांवर अवलंबून कधी मार्चमध्ये, तर कधी मेपर्यंत चालतो. म्हणजे ऊसतोड कामगार एका साली या व्याख्येत बसेल, तर दुसऱ्या साली तिच्याबाहेर पडेल. त्याच्या जगण्यात मात्र काहीच फरक पडलेला नसेल. पुन्हा, २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्या काळात हा कामगार गावी नसतो. तो फडाजवळच्या कोपीत असतो, आणि फड बदलला की कोपीही बदलते. गणक त्या कोपीपर्यंत पोहोचला तरी त्याने केलेली नोंद ज्या तालुक्याच्या खात्यावर पडेल तेथे हा माणूस मेअखेर असणार नाही, आणि ज्या गावच्या शाळेत त्याच्या मुलांचा पट आहे त्या गावी त्या वेळी त्याच्या दाराला कुलूप असेल.

३

स्थलांतराच्या कारणांविषयी सर्वांत लोकप्रिय झालेली संकल्पना म्हणजे लोटणारी व ओढणारी कारणे ही जोडी होय. दुष्काळ, जमिनीचे तुकडे, कर्ज ही गावातून लोटणारी. मजुरी, शिक्षण, शहरी जीवन ही शहराकडे ओढणारी. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये या कल्पनेस शास्त्रीय रूप दिले. मूळ ठिकाणाचे गुणदोष, पोहोचण्याच्या ठिकाणाचे गुणदोष, मधले अडथळे आणि व्यक्तिगत कारणे असे चार घटक त्यांनी सांगितले. मधल्या अडथळ्यांना त्यांनी स्थान दिले, हा त्यांच्या मांडणीचा विशेष गुण मानला पाहिजे.

भारतात मात्र ही जोडी लींच्या आधीच राजकीय अर्थाने वापरात आली होती. मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, हिंदी कामगार शहराकडे ओढला जात नाही, तो लोटला जातो; खेड्यात अन्नवस्त्राची सोय झाली असती तर फारच थोडे लोक कारखान्यात राहिले असते. या निष्कर्षात सहानुभूती आहे यात शंका नाही. परंतु त्यातून एक सोयीचे अनुमानही निघत होते. कामगार मनाने शेतकरीच असेल तर शहराने त्याच्यासाठी घर बांधण्याची, म्हातारपणाची तरतूद करण्याची अथवा त्याचे कुटुंब पोसण्याइतकी मजुरी देण्याची निकड उरत नाही. गाव त्याच्या पाठीशी आहेच, असे म्हणता येते.

वस्तुतः ‘लोटणे’ ही कल्पना कोकणास लावताना एक अडचण उभी राहते. दारिद्र्य हेच कारण असते तर सर्वांत दरिद्री माणूस सर्वांत आधी गेला असता. परंतु मुंबईस जाण्यासाठी आगबोटीचे वा गाडीचे भाडे लागे, आणि उतरल्यावर पथारी पसरण्यापुरती जागा लागे. ती जागा ओळखीच्या माणसाकडून, गावकीच्या खोलीतून किंवा जॉबरच्या कृपेने मिळे. ज्याला असा धागा नव्हता तो गावीच राहिला. म्हणजे माणूस गावातून सुटला म्हणून गेला असे नव्हे, तर गावाशी जोडलेला होता म्हणून जाऊ शकला. शिवाय, मुंबईहून येणारी मनिऑर्डर गावच्या जमिनीवरचा हक्क टिकविण्यासाठी खर्ची पडे. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट होईपर्यंत कोकणातील कुळाला खोताचे देणे भागवून जमीन राखावयाची तर रोकड लागे, आणि रोकड मुंबईस मिळे. येथे लोटणारे कारण व ओढणारे कारण ही दोन वेगळी टोके नसून एकाच दोराचे दोन पेड आहेत.

ओढीची कल्पनाही तपासून पाहण्यासारखी आहे. शहराची ओढ सर्वांना सारखीच असते असे या सिद्धांतात गृहीत धरलेले असते. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीचे जे विणाईचे खाते, त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे व त्यास सवर्ण कामगारांची हरकत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या काळात जाहीरपणे उपस्थित केला होता. एकाच गावातून, एकाच बोटीने निघालेल्या दोन माणसांसाठी मुंबई एकच नव्हती. लींच्या परिभाषेत याला ‘अडथळा’ म्हणावे, तर तो मध्ये नसून मुक्कामावरच होता, आणि निघण्याच्या ठिकाणीही होता.

ऊसतोड कामगाराच्या बाबतीत तर ही जोडी अधिकच तोकडी पडते. त्याला निघण्यास लावणारी मुख्य गोष्ट म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’. ती मिळते म्हणून ओढ म्हणावी, तर ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. कर्ज म्हणून लोट म्हणावी, तर ती त्याने स्वतः हात पुढे करून घेतलेली असते. ही उचल एकट्या पुरुषास मिळत नाही. ती ‘कोयत्या’स मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुषाने तोडावे, स्त्रीने मोळ्या बांधून वाहाव्या, अशी ही एकत्रित मजुरी आहे. व्यक्ती हे एकक धरून चालणाऱ्या सिद्धांतास कोयत्याचा अर्थ लागणे कठीण आहे. ओडेड स्टार्क व डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये स्थलांतराचा निर्णय व्यक्तीचा नसून कुटुंबाचा असतो असे प्रतिपादून ही त्रुटी काही अंशी भरून काढली. परंतु निर्णय कुटुंबाचा असे म्हटल्याने कुटुंबात तो कोणी घेतला व कोणी सोसला, हा प्रश्न मिटत नाही.

४

स्थलांतराचे ‘तात्पुरते’ व ‘कायमचे’ असे दोन वर्ग सर्वत्र केले जातात. चाकरमान्याच्या संदर्भात या वर्गीकरणाने जेवढा घोळ घातला तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या कल्पनेने घातला असेल.

पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाल्यापासून मुंबईतील कामगारवर्ग मुख्यतः पुरुषांचा राहिला. १९११ व १९२१ च्या जनगणनांत शहरातील स्त्रियांचे प्रमाण दर हजार पुरुषांमागे सहाशेच्याही खाली होते. याची दुसरी बाजू रत्नागिरी जिल्ह्यात दिसते. तेथे २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१३६ व २०११ मध्ये १,१२२ स्त्रिया होत्या. हेमलता दांडेकर यांनी वाई तालुक्यातील सुगाव या खेड्याच्या १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांतील स्थितीचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पुरुष मुंबईस आणि बायका घरी, हा त्या ग्रंथाच्या नावातच आलेला आशय म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचे सूत्र आहे.

या व्यवस्थेस ‘तात्पुरती’ म्हणावे काय ? एकेक पुरुष पाहिला तर तो म्हातारपणी गावी परततो. म्हणून ती तात्पुरती. परंतु बापाच्या जागी मुलगा आणि त्याच्या जागी नातू त्याच खोलीत, त्याच खात्यात येतो. म्हणून ती कायमची. माणूस बदलतो, जागा तीच राहते. व्यक्तीच्या आयुष्यावर मोजले तर एक उत्तर मिळते आणि कुटुंबाच्या आयुष्यावर मोजले तर त्याच्या उलट. मराठी भाषेने हा भेद पूर्वीच ओळखला आहे. गावी असते ते ‘घर’ आणि मुंबईस असते ते ‘बिऱ्हाड’. बिऱ्हाड चाळीस वर्षे टिकले तरी त्याचे घर होत नाही, आणि घराला वर्षातून अकरा महिने कुलूप असले तरी त्याचे बिऱ्हाड होत नाही. गणपतीला व शिमग्याला त्या घराचे दार उघडते, एवढ्यावर त्याचे घरपण टिकते. गोव्यातील गावकऱ्यांनी मुंबईत चालविलेले ‘कूड’ हेही याच जातीचे : खोली मुंबईत, मालकी गावाची.

अभ्यासकांत या प्रश्नावर दोन पक्ष पडले. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, मुंबईच्या गिरण्यांना मजुरांची टंचाई कधी भासलीच नाही, आणि गावाच्या ओढीमुळे कामगार अस्थिर राहतो ही तक्रार निराधार आहे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात याहून पुढचे पाऊल टाकले. गावाशी असलेला संबंध हे मागासलेपणाचे चिन्ह नसून तो कामगाराचा आधार होता, आणि त्याच आधारावर तो दीर्घ संप लढवू शकला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला तो गाव पाठीशी होते म्हणून. हे प्रतिपादन बहुतांशी पटण्यासारखे आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही सांगावयास हवी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. याही वेळी हजारो कामगार गावी गेले. परंतु या वेळी संप संपला नाही, गिरण्या संपल्या. गावाने संप पोसला, पण बंद पडलेली गिरणी गावाला पोसता आली नाही. ज्याला आधार म्हणावयाचे तो आधार कोणाच्या श्रमावर उभा होता, हा प्रश्न चंदावरकरांच्या विवेचनातही पुरेसा पुढे येत नाही. भातशेती, गुरे, म्हातारी माणसे व लहान मुले सांभाळणाऱ्या स्त्रीने मुंबईची मजुरी कमी ठेवण्यास अप्रत्यक्षपणे हातभार लावला, असेच म्हणावे लागते. कामगाराचे बालपण, आजारपण व म्हातारपण गावाच्या खर्चाने आणि त्याच्या उमेदीची वर्षे गिरणीच्या नफ्यासाठी, अशी ही विभागणी होती. ‘तात्पुरता’ या निरुपद्रवी विशेषणाने ती झाकली गेली.

उलट प्रवाहाचा रॅव्हनस्टीनप्रणीत नियमही येथे दुरुस्तीची अपेक्षा करतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर लक्षावधी लोक शहर सोडून गेले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी पुकारली गेली तेव्हाही देशभर तेच दृश्य दिसले. ८ मे २०२० रोजी जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर बदनापूर व करमाड यांच्या दरम्यान रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. या प्रवाहास मुख्य प्रवाहाचा पूरक उलट प्रवाह म्हणणे म्हणजे परतण्याच्या सर्व प्रकारांना एकाच मापाने मोजणे होय. निवृत्त होऊन परतणारा, सणाला परतणारा आणि शहराने दार लावून घेतले म्हणून परतणारा, हे तिघे एका दिशेने चालत असले तरी एका कारणाने चालत नाहीत.

५

विल्बर झेलिन्स्की यांनी १९७१ मध्ये मांडलेला गतिशीलतेच्या संक्रमणाचा सिद्धांत हा या क्षेत्रातील महत्त्वाकांक्षी प्रयत्न होय. समाज आधुनिक होत जातो तसतशा त्याच्या हालचालीच्या ठरावीक अवस्था येतात आणि पहिल्या, पारंपरिक अवस्थेत खरेखुरे स्थलांतर अगदी अल्प असते, असे त्यांचे म्हणणे. कायमचे स्थलांतर व ये-जा यांत त्यांनी केलेला भेद मोलाचा आहे. परंतु अचल अशा पारंपरिक समाजाचे जे चित्र त्यांनी पायाशी ठेवले आहे, त्याला मराठी इतिहासाचा पाठिंबा मिळत नाही.

मराठ्यांच्या काळातील गावात ‘मिरासदार’ व ‘उपरी’ असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे व दीर्घ काळ परागंदा होऊन परतल्यावरही तो हक्क सांगता येई. उपरी हा बाहेरून आलेला कसणारा. ओस पडलेल्या गावात कुळे आणून बसविण्यासाठी शासन ‘कौल’ देई व पहिली काही वर्षे सारा हलका ठेवून तो क्रमाक्रमाने वाढवी. ज्या समाजाच्या महसुली परिभाषेतच जाणाऱ्यासाठी, येणाऱ्यासाठी आणि परतणाऱ्यासाठी वेगवेगळे शब्द व हक्क ठरलेले आहेत, तो समाज अचल होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पावसाळा संपल्यावर मेंढरे घेऊन देशावरून कोकणात उतरणारा धनगर आणि बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ वाहणारा लमाण यांचा तर येथे केवळ उल्लेख पुरे.

या सिद्धांताच्या दुसऱ्या टोकासही अशीच अडचण आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत घटली, सिंधुदुर्गचीही घटली. हे लोक मुंबईस गेले असे म्हणावे, तर मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही याच दशकात घटली. वाढला तो शेजारचा ठाणे जिल्हा, सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. गाव रिते होत आहे व शहराचा गाभाही रिता होत आहे, आणि माणूस दोहोंच्या मध्ये, गाडीच्या वाटेवर, घर शोधीत आहे. परळ-लालबागच्या चाळीतील कुटुंब डोंबिवलीस किंवा विरारला गेले तर ते खेड्यातून शहरात गेले नाही, शहरातून खेड्यातही गेले नाही. रूढ वर्गांपैकी एकाही वर्गात त्याची हालचाल नीट बसत नाही. ‘अतिनागरीकरण’ या कल्पनेतील शिथिलता एन. व्ही. सोवनी यांनी १९६४ मध्येच दाखवून दिली होती. पाश्चात्त्य देशांतील एका काळचे प्रमाण आदर्श मानून इतरांचे मोजमाप करण्यावर त्यांनी जो आक्षेप घेतला, तो संक्रमणाच्या सिद्धांतासही लागू पडतो.

६

शेवटी स्वेच्छा व सक्ती यांच्या भेदाकडे वळणे प्राप्त आहे. विल्यम पीटरसन यांनी १९५८ मध्ये केलेल्या वर्गीकरणात, ज्याच्या हाती काहीच निर्णय नाही असे सक्तीचे स्थलांतर आणि दडपण असूनही थोडाफार निर्णय हाती राहतो असे स्थलांतर, यांत रेषा ओढली आहे. ही रेषा आवश्यक आहे. कोयना धरणाने ज्यांची गावे बुडाली ते शेतकरी आणि मुंबईस गेलेला चाकरमानी यांना एकाच शब्दात गुंडाळणे अन्यायाचे होईल. धरणग्रस्ताला परतण्यासाठी गावच उरत नाही. तथापि २०११ च्या जनगणनेतील कारणांच्या यादीत नोकरी, व्यापार, शिक्षण, विवाह, जन्मानंतरचे स्थलांतर, कुटुंबाबरोबरचे स्थलांतर व इतर एवढेच पर्याय होते. धरणाने उठविलेला माणूस ‘इतर’ मध्ये जातो किंवा त्याचे कुटुंब ‘कुटुंबाबरोबर’ जाते. सक्ती हा शब्द त्या यादीत कोठेही नाही.

दुसऱ्या बाजूस, दडपण व निर्णय यांचे प्रमाण माणसाच्या मनात शिरून मोजता येत नाही. ते मोजावयाचे असेल तर एकच विश्वसनीय मार्ग आहे : न जाण्याचा पर्याय त्याला उपलब्ध होता की नाही, हे पाहणे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर कामे काढली गेली आणि पुढे १९७७ च्या कायद्याने रोजगाराची हमी दिली गेली. तिचा हेतू मजुरी देण्याचा होता. परंतु संकल्पनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व याहून अधिक आहे. गावात काम मिळेल अशी हमी असेल तेव्हाच गाव सोडून जाणे हा निर्णय ठरतो. ती नसेल तेव्हा मराठवाड्यात ज्याला ‘जगायला जाणे’ म्हणतात तेवढेच उरते. या शब्दप्रयोगात लोट नाही आणि ओढही नाही. गावी राहून जगता येणार नाही, एवढेच त्यात सांगितलेले आहे.

७

या परीक्षणावरून रूढ संकल्पना टाकून द्याव्यात असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. रॅव्हनस्टीन यांचे नियम निरीक्षण म्हणून, लींचे चार घटक प्रश्नावली म्हणून आणि पीटरसन यांची रेषा सावधगिरीची सूचना म्हणून उपयुक्तच आहेत. दोष आहे तो त्यांना अंतिम वर्ग मानण्यात. महाराष्ट्राच्या अनुभवावरून त्यांत निदान तीन दुरुस्त्या सुचतात. पहिली, स्थलांतराचे एकक नेहमी व्यक्ती न धरता कोयता, बिऱ्हाड किंवा मागे राहिलेल्यांसह सारे कुटुंब, यांपैकी जे खरोखर हलते वा ताणले जाते ते धरावे. दुसरी, माणसाचे वास्तव्य एकाच ठिकाणी असते हे गृहीत सोडून द्यावे. दोन ठिकाणी वास्तव्य असणे ही अपवादात्मक अवस्था नसून येथील कोट्यवधी लोकांची नित्याची अवस्था आहे. तिसरी, गेलेल्यांबरोबर न गेलेल्यांचाही अभ्यास व्हावा. मागे राहिलेली स्त्री व धागा नसल्यामुळे जाऊ न शकलेला मजूर यांच्यावाचून प्रवाहाचा अर्थ लागत नाही.

२०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबणीवर पडली, आणि त्यामुळे स्थलांतराविषयीचे पुष्कळसे विवेचन अजून २०११ च्या आकड्यांवर चालते. नवी गणना होताना किती माणसे मोजली गेली याची चर्चा होईलच. तिच्याइतकीच निकड आहे ती कोणत्या शब्दांनी मोजली याच्या चर्चेची. फेब्रुवारीत फडावरच्या कोपीत असलेल्या मुलाचे नाव कोणत्या गावाच्या खात्यावर पडते, यावर त्या मुलाला शाळा कोणी द्यावयाची हे ठरते. संकल्पना सैल असेल तर चूक केवळ ग्रंथात राहत नाही; ती त्या मुलाच्या वाट्याला येते.